बोटीचं इंजिन, मेकॅनिक आणि बिल: बोटमालकांचे नेहमीचे प्रश्न

कोकण किनाऱ्यावर स्वतःची मासेमारी बोट असलेल्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. बहुतेक उत्तरं इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या, डिझेल इंजिनाच्या बोटींना लागू पडतात. फायबरच्या छोट्या होड्यांवरच्या आउटबोर्ड, म्हणजे बाहेर मागे टांगलेल्या, मशीनबद्दल शेवटाकडे वेगळा प्रश्न आहे.

‘पंधरा दिवसांत देतो’ म्हणणारा मेकॅनिक जुलै संपत आला तरी फोन का उचलत नाही?

कारण त्याने तेच वचन धक्क्यावरच्या निम्म्या बोटींना दिलेलं असतं. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते आणि सातपाटीपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांची कामं याच दोन महिन्यांत निघतात. मेकॅनिक मोजके, क्रँक ग्राइंडिंग करणारे, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा घासून मापात आणणारे, लेथवाले त्याहून मोजके. त्यात पाऊस, वीज जाणं आणि मुंबईहून किंवा कोल्हापूरहून यायचा एखादा पार्ट घाटात अडकणं.

या गर्दीत मेकॅनिक एक साधा हिशोब करतो. ज्या बोटीचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवलं, ती बोट आपली झाली. उघडलेलं इंजिन मालक दुसऱ्याकडे नेऊ शकत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात तो सगळीकडे जाऊन नटबोल्ट खोलून ठेवतो, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी होतं.

म्हणून नियम एकच ठेवा. पार्टची यादी हातात आल्याशिवाय आणि लेथवाल्याकडची तारीख ठरल्याशिवाय इंजिनाला पाना लावू द्यायचा नाही. बंद इंजिन चार दिवस तसंच उभं राहिलं तर काही बिघडत नाही. उघडं इंजिन पावसाळी खाऱ्या हवेत पडून राहिलं की लायनरवर (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीवर) गंज धरतो, आणि त्याचंही बिल शेवटी तुमच्याच नावावर येतं.

मग काम काढायचं कधी?

एप्रिल-मे महिन्यात, बोट पाण्यात आणि इंजिन चालू असताना. काम तेव्हा करायचं असं नाही, बिघाडाचं निदान तेव्हा करून घ्यायचं. इंजिन काय बोलतं ते चालू असतानाच कळतं. जूनमध्ये ओढून, शाकारून ठेवलेल्या बोटीत मेकॅनिकला फक्त थंड लोखंड दिसतं आणि तो अंदाजाने यादी करतो. अंदाजाची यादी नेहमी लांब असते.

बंदीच्या आधीच्या एखाद्या फेरीत मेकॅनिकला सोबत न्या. तो येत नसेल तर तांडेलाकडून (बोट चालवणाऱ्याकडून) वही भरून घ्या: थंड इंजिन किती हँडलला लागलं, गरम झाल्यावर ऑइल प्रेशर किती, पूर्ण रेसवर आरपीएम किती, पाण्याचं तापमान कुठे थांबतं, धूर कोणत्या रंगाचा, फेरीत वरून किती ऑइल टाकावं लागलं. मोबाइलवर धुराचा आणि आवाजाचा व्हिडिओ घेऊन ठेवला तर जुलैत वाद घालायला जागा राहत नाही.

ज्यांच्या बोटी पुळणीवर वर ओढलेल्या असतात त्यांनी भरतीचं गणित विसरू नये. अशी बोट उतरवायला उधाणाची भरती लागते, म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचे दिवस. मेकॅनिक तीन दिवस उशिरा आला आणि ती भरती हुकली, तर पुढच्या उधाणापर्यंत जवळजवळ दोन आठवडे बोट वाळूतच. त्याला तारीख देताना ‘३१ जुलै’ म्हणू नका. आपल्या उधाणाच्या आधीचे चार-पाच दिवस धरून तारीख द्या.

‘खोलल्याशिवाय सांगता येत नाही’ हे खरं असतं का?

अर्धं खरं. बेअरिंग किती झिजलं ते खोलल्यावरच मोजता येतं. पण बरंच काही न खोलता समजतं.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी: नोझल (डिझेल फवारणारा पार्ट), एअर फिल्टर, डिझेल पंपाचं सेटिंग किंवा इंजिनावर जादा भार. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातंय. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय यात शंका नको, आणि इंजिन त्याच क्षणी बंद. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. धूर धपधप बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनरचा प्रश्न आहे. झाकणावर हलकी वाफ असेल तर घाबरू नका.

भाराचा मुद्दा थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात. इंजिनाच्या पाटीवर पूर्ण रेसचा आरपीएम लिहिलेला असतो. भरल्या बोटीला तिथपर्यंत पोचता येत नसेल तर दोष इंजिनात असेलच असं नाही. वेग वाढावा म्हणून मोठा किंवा जास्त पिचचा (पानं जास्त तिरकी असलेला) पंखा, म्हणजे प्रोपेलर, बसवलेला असतो, किंवा तळाला शिंपल्या आणि शेवाळ धरलेलं असतं. इंजिन गुदमरतं, काळं ओकतं, एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जळतात. मेकॅनिक हेडचं काम करून देतो आणि पुढच्या सीझनला तेच हेड पुन्हा उतरतं, कारण पंखा कोणी पाहिलेलाच नसतो. तळ खरवडून, पंख्याचं माप तपासून मगच हेडला हात लावा.

मेकॅनिक फुल इंजिन करायला, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधायला, सांगतो आहे. गरज आहे हे कसं ओळखायचं?

आकडे मागा. लायनर बोअर गेजने मोजला का? क्रँकचे जर्नल (बेअरिंग बसतात ते भाग) मायक्रोमीटरने पाहिले का? किती आलं? हे आकडे कागदावर लिहून द्यायला लावा आणि कंपनीच्या पुस्तकातल्या मर्यादेशी जुळवा. कोणी मोजलंच नसेल तर ‘फुल इंजिन’ हा अंदाज आहे, निर्णय नाही.

क्रँक ग्राइंड केला तर बेअरिंग कोणत्या साइजचं बसलं ते आवर्जून लिहून ठेवा: स्टँडर्ड, की ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरचं. दर वेळी क्रँक बारीक होत जातो आणि शेवटच्या साइजनंतर तो फेकायचाच असतो. हा आकडा माहीत नसलेला मालक पुढच्या मेकॅनिकसमोर आंधळा उभा राहतो. बोट विकायला काढली तर गिऱ्हाइकही हेच विचारतं.

सगळे जुने पार्ट परत घ्यायचे. भंगाराच्या पैशांसाठी नाही, पाहण्यासाठी. पिस्टनवरचा ओरखडा, बेअरिंगवरचा तांबडा पट्टा, फुटलेली रिंग हे दिसलं तर बिल पटतं. ‘फेकून दिले’ असं उत्तर आलं तर समजून घ्या.

मजुरी उक्ती ठरवावी की रोजावर?

काम ओळखीचं आणि मोजकं असेल तर उक्तं: हेड उतरवून बसवणं, गिअर बॉक्सची क्लच प्लेट, पाण्याचा पंप. आत काय निघेल याचा भरवसा नसेल तर उक्त्यात दोघांचं नुकसान होतं. मेकॅनिक भीतीपोटी आकडा फुगवतो, आणि काम अपेक्षेपेक्षा मोठं निघालं की शेवटच्या दिवसांत घाई करून उरकतो. अशा वेळी दोन टप्पे करा. खोलून, मोजून, यादी देण्यापर्यंत एक ठरलेली रक्कम. यादी पाहिल्यावर पुढच्या कामाचं उक्तं. पहिल्या टप्प्यानंतर काम दुसऱ्याला द्यायची मोकळीक राहते, आणि ती मोकळीक आहे एवढंच माहीत असलं तरी आकडे सरळ होतात.

अॅडव्हान्स किती द्यावा?

मजुरीच्या अॅडव्हान्सला माझा विरोध नाही, त्यालाही पावसाळ्यात घर चालवायचं असतं. पण ‘पार्टसाठी’ म्हणून मेकॅनिकच्या हातात रोख देऊ नका. पार्टचे पैसे दुकानदाराच्या खात्यात जावेत आणि बिल तुमच्या नावाचं असावं. मजुरीतला मोठा तुकडा समुद्रातल्या ट्रायलपर्यंत राखून ठेवा. धक्क्याला बांधलेल्या बोटीत इंजिन गुणगुणलं म्हणून पूर्ण पैसे देणारे बरेच असतात. त्यांना सप्टेंबरमध्ये मेकॅनिक भेटत नाही.

पार्ट कोणी आणायचे? मेकॅनिक म्हणतो, मी स्वस्तात आणतो.

दुकानदार मेकॅनिकला कमिशन देतो, ही काही गुपित गोष्ट नाही. त्यात गैर वाटून घ्यायचीही गरज नाही. गैर तेव्हा होतं जेव्हा अस्सल पार्टची किंमत लावून डुप्लिकेट बसतो. यादीत प्रत्येक वस्तूचा पार्ट नंबर लिहून घ्या, निदान दोन ठिकाणी भाव विचारा, आणि खोके-पाकीट बसवेपर्यंत फोडू देऊ नका.

सगळंच कंपनीचं हवं असा हट्टही परवडत नाही. बेल्ट, होज, नटबोल्ट, फिल्टरचं झाकण बाहेरचं चांगलं मिळतं. बेअरिंग, रिंगा, हेड गॅस्केट, नोझल आणि पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) यांत काटकसर नको. इंपेलरसारखा स्वस्त पार्ट गेला तर अर्ध्या तासात इंजिन तापून पकडतं, म्हणजे जाम होतं.

ट्रकचं इंजिन करणारा मिस्त्री बोटीला चालेल का?

आपल्याकडच्या पुष्कळ बोटींमध्ये मूळ ट्रकसाठी बनलेली, समुद्रासाठी फेरफार केलेली इंजिनं आहेत. त्यामुळे ब्लॉकच्या आतलं काम चांगला ट्रक मिस्त्री करू शकतो, आणि कधी कधी जास्त नेटकं करतो. अडतं ते बाहेर: खाऱ्या पाण्याचं कूलिंग, हीट एक्सचेंजर, पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट, झिंकच्या वड्या (इतर धातूऐवजी स्वतः झिजणाऱ्या), रिव्हर्स गिअर, पंख्याचा शाफ्ट. ट्रकला रेडिएटर असतो आणि उतारावर आरामही मिळतो. बोटीचं इंजिन तासन्‌तास एकाच भारावर ओढत असतं. नोझल आणि पंप तपासायला मात्र टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडेच द्या, मग तो ट्रकवाला का असेना.

लिहून मागितलं तर मिस्त्री रागावतो. काय करावं?

स्टॅम्प पेपर पुढे केला तर कोणीही रागावेल. बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर असं काही पाठवा:

‘दादा, आज ठरलं ते लिहितो. काम: हेड उतरवणे, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, सगळे नोझल बेंचवर तपासणे, पाण्याचा पंप. मजुरी उक्ती ठरली ती. पार्ट मी आणणार, जुने पार्ट परत. २० जुलैला पाणी देऊन इंजिन चालू करून दाखवायचं. बोट पाण्यात गेल्यावर अलाइनमेंट आणि समुद्रात एक ट्रायल याच मजुरीत. जादा काम निघालं तर आधी फोटो, मग काम. बरोबर ना?’

‘हो’ किंवा नुसता अंगठा आला तरी पुष्कळ झालं. असे मेसेज पुराव्यात वापरता येतात, मात्र २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून फोन बदलताना चॅट पुसून टाकू नका.

यातली ‘जादा काम निघालं तर’ ही ओळ सर्वात महत्त्वाची आहे. बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात.

काम झाल्यावर बोट थरथरते. मेकॅनिक पंख्याला दोष देतो, पंखेवाला इंजिनाला.

आधी अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का, ते पाहा, आणि बोट पाण्यात असताना पाहा. लाकडी बोट पुळणीवर टेकूंवर उभी असताना तिचा आकार थोडा बदलतो आणि पाण्यात गेल्यावर ती पुन्हा बसते. किनाऱ्यावर केलेलं अलाइनमेंट हे फक्त कच्चं काम असतं. बोट उतरल्यावर तिला एक-दोन दिवस पाण्यात बसू द्या. मग इंजिन आणि शाफ्टच्या कपलिंगमधली फट फीलर गेजने चारही बाजूंनी मोजायची. कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचामागे ०.००१ इंच फरक चालतो, म्हणजे चार इंची कपलिंगला साधारण ०.१ मिलिमीटर. ‘हाताने पाहिलं, बरोबर आहे’ हे उत्तर घेऊ नका.

फट बरोबर आली तर शाफ्टचा वाक, मग बुश, मग पंख्याचं पान वाकलंय का, या क्रमाने जा. इंजिनाचे माउंटिंग बोल्ट ढिले असणं हेही कारण निघतं, आणि ते तपासायला पैसे लागत नाहीत.

बिलावरून वाद झाला. मेकॅनिकने माझा गिअर बॉक्स अडवून ठेवला आहे. त्याला तसा अधिकार आहे का?

काही प्रमाणात आहे, आणि हे अनेक मालकांना माहीत नसतं. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार, दुरुस्तीसाठी दिलेल्या वस्तूवर ज्याने मेहनत आणि कसब लावून ठरलेलं काम केलं, तो मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेऊ शकतो, उलट करार नसेल तर. पण हा हक्क त्या कामाच्या मजुरीपुरता आहे. ‘गेल्या वर्षीची बाकी द्या, मग गिअर बॉक्स देतो’ असं त्याला कायद्याने म्हणता येत नाही, तसं आधी ठरलेलं असल्याशिवाय. जुन्या बाकीसाठी वस्तू अडवायचा हक्क कलम १७१ ने बँका आणि काही ठरावीक व्यावसायिकांना दिला आहे, मेकॅनिक त्यात नाही. वस्तू त्याच्या ताब्यात असताना वाजवी काळजी घेणं हीही त्याची जबाबदारी आहे, कलम १५१.

सीझन तोंडावर असेल तर भांडत बसण्यापेक्षा ‘वाद कायम ठेवून रक्कम देत आहे’ असं मेसेजमध्ये लिहून ऑनलाइन पैसे भरा, वस्तू सोडवा आणि मग मागे लागा.

महिनाभरात तोच बिघाड पुन्हा. पैसे परत मिळतील का?

पहिलं पाऊल: त्याला कळवल्याशिवाय दुसऱ्याकडून इंजिन उघडू नका. लेखी कळवा, दोन-तीन दिवसांची मुदत द्या. नाही आला तर दुसऱ्या मेकॅनिकसमोर फोटो-व्हिडिओ काढत खोला आणि त्याच्याकडून काय आढळलं ते लिहून घ्या. हे न केल्यास पहिला मेकॅनिक ‘तिसऱ्यानेच बिघडवलं’ म्हणून सुटतो.

तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. एक अडथळा मात्र आहे. व्यापारी हेतूने वस्तू किंवा सेवा घेणारा २०१९ च्या कायद्यात ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना सवलत आहे, पण ती तरतूद वस्तूंबद्दल स्पष्ट आहे, सेवेबद्दल तितकी नाही. स्वतः बोटीवर जाणाऱ्या एका बोटीच्या मालकाची बाजू त्यातल्या त्यात मजबूत. चार ट्रॉलर आणि पगारी खलाशी असलेल्याला समोरचा वकील याच मुद्द्यावर अडवणार. मग दिवाणी दावा हाच मार्ग.

खरं सांगायचं तर लहान रकमांसाठी मच्छीमार सोसायटीत किंवा गावकीत दोघांना समोर बसवणं जास्त लवकर फळतं. मेकॅनिकला त्याच बंदरात पुढच्या वर्षी काम हवं असतं.

बोटीचा विमा आहे. इंजिनाचं बिल त्यातून निघेल?

झिजून गेलेल्या इंजिनाचं नाही. सागरी विमा अधिनियम, १९६३ च्या कलम ५५ मध्ये नेहमीची झीज आणि समुद्रातल्या अपघाताशिवाय झालेलं यंत्राचं नुकसान वगळलेलं आहे, पॉलिसीत वेगळं लिहिलं नसेल तर. खडकावर आदळून शाफ्ट वाकला, बोट बुडून इंजिनात पाणी गेलं, तर दावा उभा राहतो. तेव्हाही सर्व्हेअर येण्याआधी दुरुस्ती सुरू करू नका. खलाशांचा अपघात विमा ही वेगळी गोष्ट आहे, त्यातून यंत्राला काही मिळत नाही.

एवढे पैसे आणायचे कुठून? व्यापारी उचल द्यायला तयार आहे.

व्यापाऱ्याची उचल बिनव्याजी दिसते. व्याज तुम्ही मासळीच्या भावातून देता: माल त्यालाच घालायचा, भाव तो म्हणेल तो. पापलेट-सुरमईचा हंगाम चांगला गेला तर ती उचल बँकेच्या कर्जापेक्षा कितीतरी महाग पडते. घ्यायचीच असेल तर फेडायची तारीख आणि भाव कसा धरायचा हे आधी ठरवा.

किसान क्रेडिट कार्ड आता मच्छीमारांनाही मिळतं. ते खेळत्या भांडवलासाठी आहे. डिझेल-बर्फाचा खर्च त्यावर टाकला तर हातातली रोकड इंजिनासाठी मोकळी होते. डिझेलच्या करपरताव्याच्या भरवशावर मात्र मेकॅनिकला तारीख देऊ नका. तो यायचा तेव्हा येतो.

दुरुस्त करत राहावं की नवीन इंजिन घ्यावं?

बिलांची बेरीज एकटी पाहू नका, बुडालेल्या फेऱ्या त्यात मिळवा. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात धक्क्याला बांधलेली बोट म्हणजे वर्षातली चांगली मासळी दुसऱ्याच्या जाळ्यात. क्रँक शेवटच्या साइजला आला असेल, ब्लॉकमध्ये तडा असेल किंवा पार्ट मिळणंच कठीण झालं असेल तर विचार संपला. एरवी व्यवस्थित मोजून केलेलं फुल इंजिन नव्या इंजिनाच्या हप्त्यांपेक्षा बरं. जास्त हॉर्सपॉवरच्या मोहात पडण्याआधी शाफ्ट, गिअर बॉक्स, पंखा आणि डिझेलचा वाढता खर्च जोडा, आणि परवान्यावरच्या इंजिनाच्या नोंदीसाठी मत्स्य कार्यालयात आधी विचारा.

आउटबोर्ड मशीनचं काय?

तिथे निम्मे आजार मिठाचे असतात. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने फ्लश करा. चालू मशीनमधून पाण्याची धार बारीक झाली तर लगेच बंद करा, बहुधा इंपेलर किंवा कचरा असतो. टू-स्ट्रोकला ऑइल नजरेने ओतू नका. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, पण आपल्या मॉडेलचं प्रमाण पुस्तकात पाहा. मशीन पाण्यात पडली तर वर काढून वाळवत ठेवू नका. गोड्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी मेकॅनिककडे द्या. हवा लागली की गंज सुरू होतो.

समुद्रात इंजिन बंद पडलं तर?

नांगर टाका, मग इंजिन पाहा. व्हीएचएफवर चॅनल १६. भारतीय तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. मोबाइलची रेंज जाण्याआधी सोसायटीत आपली जागा कळवा. डिझेलचे दोन फिल्टर, एक इंपेलर, बेल्ट आणि होजचे क्लँप बोटीवर असायलाच हवेत. बंद पडण्याची बरीच कारणं या पिशवीत बसतात.

मेकॅनिक बदलावा का?

उशीर करतो पण काम टिकतं, असा असेल तर बदलू नका. त्याला एप्रिलमध्ये गाठा. वेळेवर येतो पण आकडे दाखवत नाही, जुने पार्ट देत नाही, प्रत्येक वेळी आधीच्या मिस्त्रीला शिव्या घालतो, असा असेल तर बदला. बदलताना सीझनच्या मध्ये नको. आणि जुन्याचा शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच्याकडून बेअरिंगची साइज, टॅपेटचं (व्हॉल्व्हच्या फटीचं) सेटिंग, डिझेल पंपाची शेवटची कॅलिब्रेशन तारीख आणि गिअर बॉक्समध्ये कोणतं ऑइल आहे हे वहीत लिहून घ्या.